धुण्याआधी खिसे तपासा

सध्या आमच्या ऑफिसात फिल्म कॅमेऱ्याची साथ आलीय. खोटं नाही सांगत. शेजारच्या टीममधला एक जण दर सोमवारी रोल धुवून आणतो आणि कॉफी मशीनपाशी प्रिंट्स फिरवतो. त्यातले निम्मे फोटो हललेले असतात, उरलेल्यांत कुणाचं तरी डोकं कापलेलं असतं, आणि तरी आम्ही सगळे 'वॉव, काय टोन आहे!' म्हणतो. ज्या फोनमध्ये बारा हजार फोटो पडलेत, तो फोन खिशात ठेवून!

तर मंडळी, अशाच एका सोमवारी मला साक्षात्कार झाला की आपल्याही घरी 'ओरिजिनल' माल आहे. बाबांचा याशिका! डोंबिवलीच्या घरी, माळ्यावर, जुन्या कूलरच्या मागे. बाबा बँकेत होते, पण शनिवार-रविवार लग्नाचे फोटो काढायचे. खाकी कॅनव्हासची बॅग, चामड्याचे पट्टे, पितळी बक्कल. लहानपणी त्या बॅगेला हात लावायची आम्हाला बंदी होती. २००३च्या सुमारास बाबांनी तो उद्योग बंद केला आणि बॅग माळ्यावर गेली. तेव्हापासून तिला कुणीच हात लावला नव्हता.

ऑगस्टमधला रविवार होता. बाहेर धो धो पाऊस. मी स्टूल लावलं, बॅग खाली काढली, हॉलच्या मधोमध ठेवली, फॅन पाचवर केला आणि झाकण उघडलं. आत पांढरी-हिरवी बुरशी अशी पसरली होती की बॅगेला मिशा फुटल्यात असं वाटावं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "भंगारवाल्याला दे ते धूड!" मी म्हटलं, "काय गं, मशीनला टाकते की. जेंटल वॉश!" आणि स्वतःला फार शहाणी समजून कपड्यांचा ब्रश घेऊन खसाखसा बुरशी झाडायला बसले.

बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. बाबांना दमा आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला मला अजून जड जातं. दहा मिनिटांत खोकला, अर्ध्या तासात छातीतून शिट्टी, पंपाचे दोन-तीन झटके घेऊनही श्वास बसेना. भर पावसात रिक्षा, डॉक्टरांकडे नेब्युलायझर, रात्री अकराला घरी. सकाळपर्यंत बाबा ठीक झाले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही साफसफाई काढली होती का?" मी मान खाली घातली. बुरशीचे कण श्वासातून आत गेले की दमेकऱ्याला अ‍ॅटॅक येऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्या क्षणी फक्त लक्षात नव्हतं. डोक्यात सोमवारचं कॉफी मशीन होतं.

म्हणून आजचा कॉलम. जुनी कॅमेरा बॅग साफ कशी करायची, तर 'सांभाळून'. आणि सांभाळायचा क्रम असा: आधी माणूस, मग बॅगेच्या आतलं सामान, शेवटी बॅग. मी नेमका उलटा क्रम लावला होता.

ऑक्टोबरची वाट बघा

पहिला फंडा: पावसाळ्यात असली कामं काढायची नाहीत. धुतलेली बॅग वाळलीच नाही, तर बुरशीला आपण नव्याने पाणी घातल्यासारखं होतं. आम्ही त्या रात्री फक्त कॅमेरा, फ्लॅश आणि बाकीचं सामान बाहेर काढून कोरड्या फडक्यावर वेगळ्या खोलीत ठेवलं. रिकामी बॅग बाहेरच्या गॅलरीत, पाऊस लागणार नाही अशी टांगली आणि गॅलरीचं दार बंद. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवायचा मोह होतो, पण ओल आतच कोंडते.

मग ऑक्टोबर हीट सुरू झाली, जिला आपण सगळे शिव्या देतो. बॅगेच्या कामाला तिच्यासारखा महिना नाही. एका रविवारी मी सगळं घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर गेले. बाबा खाली घरात, खिडक्या बंद करून, आणि आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर! तीस वर्षं लोकांना 'इकडे बघा, हनुवटी खाली' सांगणारा माणूस मला फोनवरून सांगत होता, "अगं, फोन नीट धर. नुसतं आभाळ दिसतंय."

सामान काय लागतं? फार नाही. एन-९५ मास्क (२०२०पासून प्रत्येक घराच्या कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये एक असतोच), रबरी हातमोजे, मऊ ब्रश (दाढीचा जुना ब्रश झकास), सुती फडकी चार-पाच, लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड, केमिस्टकडे मिळतं ते ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, थोडं व्हिनेगर, खायचा सोडा, कानातल्या काड्या आणि एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड. बस. ब्लीच या यादीत नाही आणि ते मुद्दामच नाही. कॅनव्हासचा रंग जातो, शिवणीचा दोरा कुजतो, आणि कुणी 'डबल इफेक्ट' म्हणून त्यात व्हिनेगर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. टॉयलेट क्लीनरचंही तेच. साफसफाईच्या बाबतीत कॉकटेल करू नका!

आधी खिसे

"आता ब्रश घेऊ?" मी विचारलं.

"आधी खिसे बघ," बाबा म्हणाले.

आपल्या आयांनी आयुष्यभर सांगितलेलं हे वाक्य, 'धुण्याआधी खिसे तपासा', कॅमेरा बॅगेला तर दहापट लागू आहे. या बॅगांना खिशात खिसे असतात. झाकणाच्या आत चेनचा खिसा, फोमच्या मागे चपटा कप्पा, तळाच्या पुठ्ठ्याखाली एक पोकळी. प्रत्येकात हात घालायच्या आधी टॉर्च मारून बघा, कारण गंजलेल्या सेफ्टी पिना आणि ब्लेडचे तुकडेही निघतात. माझ्या हाताला लागले ते असे: एका लग्नाची पत्रिका, तीन डांबरगोळ्यांचे अवशेष, केबल रिलीज, आणि चार पेन्सिल सेल, जे फ्लॅशगनच्या सुट्या डबीत फुटून त्यांचा फेस झाला होता.

फुटलेल्या सेलचं एक शास्त्र आहे. अल्कलाइन सेल गळला की बाहेर येतो तो अल्कली, त्यावर कानातली काडी व्हिनेगरमध्ये भिजवून फिरवायची. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरले गेलेले साधे झिंक-कार्बनचे सेल मात्र आम्लधर्मी गळतात, त्यांना खायच्या सोड्याचं पाणी. उलटं केलंत तर नुसती चिकचिक होते. दोन्हीला हातमोजे हवेतच आणि नंतर किंचित ओल्या काडीने पुसून पूर्ण कोरडं करायचं. फ्लॅशगनच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: 'बघू चालतो का' म्हणून नवे सेल घातलेत आणि मग स्क्रू उघडलेत तर जोरदार शॉक बसू शकतो. आतला कपॅसिटर सेल काढल्यावरही काही वेळ शेकडो व्होल्ट धरून ठेवतो. आत काम असेल तर जाणकाराकडे द्या.

बटणासारखे छोटे सेल निघाले तर अजून सावध. १९७०-८०च्या दशकातल्या कॅमेऱ्यांच्या लाइट मीटरमध्ये १.३५ व्होल्टचे सेल असायचे आणि त्यांत पारा असे. आमच्या याशिका मॅट-१२४जीमध्ये तो होताच. झाकण नाण्याने फिरवून उघडलं, सेल चिमट्याने काढला, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत घातला. असा सेल टोकरायचा नाही, जाळायचा नाही, ओल्या कचऱ्यात तर नाहीच नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्यांना द्यायचा. पाऱ्याचे ते सेल आता बनत नाहीत. कानाच्या मशीनचे झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचे असतात, त्यांच्यावर बरेच जण काम भागवतात.

आणि मग तळाच्या पुठ्ठ्याखालून निघाला एक रोल.

बोटभर लांब, अंगठ्यापेक्षा थोडा जाड. वर कागद, कागदावर सुटत आलेली गमाची पट्टी. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू', ब्लॅक अँड व्हाइट. १९६० साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. तिचं उत्पादन बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली. पट्टीवर पेन्सिलीने बाबांच्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता: 'घरचा'.

मी तो उलगडायला निघाले होते. खरंच. कागदाचं टोक सुटलेलंच होतं. फोनमधून बाबा जवळजवळ किंचाळले, "उघडू नकोस! धरून ठेव, घट्ट धरून ठेव!"

रीळ-डबीतला ३५ एमएमचा रोल निदान धातूच्या कवचात असतो. हा १२० साइजचा रोल नुसत्या काळ्या कागदात गुंडाळलेला असतो, तेवढाच त्याचा प्रकाशापासून आडोसा. गम वाळून पट्टी सुटली, कागद सैल झाला की प्रकाश कडेने आत शिरणार, खेळ खलास. म्हणून असा रोल सापडला तर: कागद आणखी ओढून आवळायचा नाही, फक्त आहे तसा धरून वर रबरबँड लावायचा, स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा, डबीत घालून सावलीत, थंड जागी ठेवायचा. 'जुना आहे, काय येणार' म्हणून टाकून द्यायचा नाही. ब्लॅक अँड व्हाइट रोल दशकं उलटल्यावरही काहीतरी देतो. रंगीत रोलमध्ये रंग उडतात, पण तोही ब्लॅक अँड व्हाइट पद्धतीने धुवून आकार मिळवता येतात.

रोल फॉइलमध्ये गेला. पुढे कामाला लागले, पण मनात एकच चित्र: ऑगस्टमध्ये मी ही बॅग जेंटल वॉशला लावणार होते.

कोरडं ते ओलं

साफसफाईचा नियम: आधी सगळं कोरडं काम, मग ओलं. उलटं केलंत तर धुळीचा चिखल होतो आणि तो कापडाच्या विणीत कायमचा बसतो. मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून दाढीच्या ब्रशने हळू हळू झाडायचं. ब्रश आपल्यापासून लांब न्यायचा. व्हॅक्यूम क्लीनर वापरणार असाल तर तोही गच्चीवर किंवा गॅलरीतच, कारण हेपा फिल्टर नसलेला व्हॅक्यूम एका बाजूने बुरशी ओढतो आणि दुसऱ्या बाजूने खोलीभर उडवतो.

आतल्या फोमला बोटाने दाबून बघा. जुना पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने कुजतो, आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो. आमचा पार भुगा झाला होता. अशा फोमला धुण्यात अर्थ नाही. तो भुगा कॅमेऱ्याच्या शटरमध्ये आणि लेन्सवर जाऊन बसतो. हातमोजे घालून सगळा खरवडून काढा, पिशवीत बांधून टाकून द्या. नवे कप्प्यांचे इन्सर्ट ऑनलाइन मिळतात, किंवा फोर्टात बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत एक चक्कर मारा. नायलॉनच्या जुन्या बॅगेचं अस्तर आतून चिकट लागत असेल आणि त्याला आंबट, ओकारीसारखा वास येत असेल तर तेही हेच प्रकरण, आतला थर कुजलाय. अशा बॅगेत कॅमेरा ठेवू नका, तिच्यात चपला ठेवा.

आता वॉशिंग मशीन का नाही, ते कळलंच असेल. आतला पुठ्ठा भिजून लगदा होतो, फोम फुटतो, वॉटरप्रूफ थर निघून येतो, पितळी बक्कल मशीनच्या ड्रमला ठोकत राहतं. आणि खिशातल्या वस्तूंबद्दल तर मी आता बोलतच नाही.

कॅनव्हाससाठी कोमट पाण्यात लिक्विडचे चार-पाच थेंब. (आईने वरून सुचवलं, "रिठ्याचं पाणी घे." खाकी रंगाला तेही चालतं. फिक्या कापडावर मात्र रिठ्याचा डाग राहू शकतो.) आधी झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कुणाला दिसणार नाही, तिथे फडक्याने पुसून बघा. रंग निघाला तर साबण बंद, नुसतं पाणी. नाहीतर फडकं पिळून घेऊन पुसत जा, घासू नका, भिजवू नका. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा, साबण आत राहिला तर तो पुन्हा धूळ धरतो. तुमची बॅग मेण लावलेल्या कॅनव्हासची असेल, म्हणजे हाताला किंचित तेलकट लागत असेल, तर साबण आणि गरम पाणी दोन्ही वर्ज्य. थंड पाणी आणि ब्रश, एवढंच.

बुरशीच्या डागांवर शेवटी अल्कोहोल. फडकं ओलसर करून टिपायचं आणि उडू द्यायचं. हे पेट घेतं, त्यामुळे गॅस, उदबत्ती, सिगारेट आसपास नको आणि बंद खोलीत तर अजिबात नको. डाग पूर्ण जाईलच असं नाही. बुरशी मरते, तिची सावली कधीकधी राहते. राहू दे.

चामडं आणि पितळ

चामड्यावर पांढरं दिसलं की ती बुरशीच असेल असं नाही. कधी कधी चामड्यातली चरबी वर येऊन पांढरा थर धरते. ओळखायची युक्ती सोपी: हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून मारा. थर वितळून नाहीसा झाला तर चरबी, तसाच राहिला तर बुरशी. बुरशीला निम्मं अल्कोहोल, निम्मं पाणी घेऊन जेमतेम ओलसर फडक्याने पुसायचं, आधी कोपऱ्यात रंग तपासूनच. चामड्याची विटकरी पावडर हाताला लागत असेल तर मात्र पाणी लावू नका, असं चामडं ओलं झालं की काळं पडून कडक होतं.

इथे आई पुन्हा मैदानात उतरली. "खोबरेल लाव थोडं." नाही आई! खोबरेल काही दिवसांनी खवट होतं, धूळ धरतं आणि बुरशीला जेवण मिळतं ते वेगळंच. बिनरंगाचं बुटाचं क्रीम किंवा लेदर कंडिशनर, तेही पूर्ण वाळल्यावर, नखाएवढं घेऊन पातळ लावायचं.

पितळी बक्कलांवर हिरवा थर होता. चिंच लावायला हात शिवशिवला, पण चिंचेचं पाणी खाली चामड्यात उतरतं. म्हणून बक्कलाखाली जुनं प्लॅस्टिक कार्ड सरकवायचं, लाकडी टूथपिकने हिरवं खरवडायचं आणि कोरड्या फडक्याने घासायचं. आरशासारखं चमकायची गरज नाही. अडकलेल्या चेनवर साधी मेणबत्ती फिरवली की ती लोण्यासारखी चालते.

मग सुकवणं. सावली, वारा, सगळे कप्पे उघडे, बॅग तोंड खाली करून टांगलेली. कॅनव्हासला थोडं कोवळं ऊन चालतं, चामड्याला नाही. हाताला कोरडी लागली म्हणजे वाळली असं नसतं, शिवणी आणि जाड पट्टे ओल धरून ठेवतात. मी तीन दिवस दिले, गच्चीवर सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. मग छोटा डिजिटल आर्द्रतामापक आत ठेवून बॅग रात्रभर बंद केली. सकाळी आकडा पन्नासच्या आत होता. हे यंत्र एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त मिळतं आणि पावसाळाभर उपयोगी पडतं.

शेवटची परीक्षा पट्ट्याची. बॅग देखणी दिसते, खांद्याला लावतो आणि स्टेशनच्या जिन्यात जुना दोरा तुटतो, असं व्हायला नको. बॅगेत पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवली आणि पलंगाच्या वर हातभर उंचीवर तासभर टांगली. चाळीस मिनिटांत डाव्या बाजूची शिवण उसवली. धपकन! तांदूळ वाचले. स्टेशनबाहेर बॅगा शिवणाऱ्या काकांनी जाड मेणदोऱ्याने दोन्ही बाजू शिवून दिल्या. म्हणाले, "कापड चांगलंय हो. आता असं येत नाही."

कॅमेरा बॅगेत राहत नसतो

हे वाक्य बाबांचं. मला वाटायचं कॅमेरा बॅग म्हणजे कॅमेऱ्याचं घर. बाबा म्हणाले, "ती त्याची रिक्षा आहे. घरी आलं की उतरायचं." कापड, फोम, चामडं सगळे ओल धरून ठेवतात. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते आणि साठ-पासष्टच्या पुढे बुरशीला रान मोकळं मिळतं. लेन्सवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा थर कायमचा खराब होतो. सर्वांत वाईट ते कॅमेऱ्याचं चामडी कव्हर, दिसायला राजेशाही, आतून ओलं. ते वेगळं ठेवायचं.

म्हणून घरी कॅमेरा आणि लेन्स हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, आणि आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास. निळी सिलिका जेल घेऊ नका, तिच्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते तब्येतीला चांगलं नाही. नारिंगी रंगाची मिळते ती घ्या. रंग बदलला की ती भरली, तापवून पुन्हा वापरता येते. तांदूळ नकोत, त्यांची पिठी उडते. डांबरगोळ्याही नकोत, त्या नुसता वास सोडतात, ओल शोषत नाहीत. आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढा, चार बटणं दाबा, चार फोटो काढा. तुम्ही वापरलात, हवा-उजेड लागला, तर बुरशीला निवांत बसायला जागा मिळत नाही.

टॉर्च मारून याशिकाच्या दोन्ही लेन्स बघितल्या. वरच्या लेन्समध्ये, म्हणजे जिच्यातून नुसतं बघायचं तिच्यात, एका कडेला बुरशीचे दोन धागे. खालची, जिच्यातून फोटो निघतो, ती स्वच्छ! बाबा फोनवर काही बोललेच नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

घरचा

रोल मी मुंबईत अजून ब्लॅक अँड व्हाइट धुणाऱ्या एका लॅबला दिला. रोल जुना आहे, कधीचा ते नक्की माहीत नाही, असं लिहून दिलं. हेही करा, त्याप्रमाणे ते वेळ आणि केमिकल ठरवतात. मग वाट बघणं आलं.

त्या दिवसांत एकदा मी बाबांना विचारलं, "हा धुतला का नाही हो तुम्ही कधी?"

"गिऱ्हाइकाचे आधी," ते म्हणाले. "लग्नाचा रोल उशिरा देऊन चालत नाही. घरचा काय, पुढच्या खेपेला. मग पुढच्या खेपेला परत लग्न." थोड्या वेळाने म्हणाले, "मग विसरलो."

मी काही बोलले नाही. माझ्या फोनमधल्या बारा हजारांपैकी घरचे किती, ते त्या रात्री बघितलं. आकडा इथे छापत नाही.

बारापैकी पाच फ्रेम आल्या. कडांना धुकं, मध्ये दाणेदार करडं. दोन आमच्या जुन्या चाळीच्या जिन्याच्या. एक आजीची, पाठमोरी. एक कुणाचीच नाही, नुसती ऊन पडलेली भिंत. आणि एक गच्चीवरची: पापडांच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये उकिडवी बसलेली एक पोरगेली बाई, कपाळावर आठी, हात कॅमेऱ्याकडे करून 'नका ना काढू' म्हणणारी.

भंगारवाल्याला द्या म्हणणाऱ्या आईने तो प्रिंट चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. "किती बारीक होते मी," म्हणाली. मग बाबांकडे वळून, "आणि हा फोटो तुम्ही मला आत्ता दाखवताय?"

तो प्रिंट सध्या फ्रिजवर आहे. बॅग कपाटात, रिकामी, उघडी. याशिका डब्यात. बाबांनी पुढच्या रविवारी गच्चीवर यायचं कबूल केलंय, मास्क लावून. रोल मी आणलाय. त्याच्यावरची पट्टी आत्ताच पेन्सिलीने लिहून ठेवलीय, आणि हा आधी धुवायचा आहे.